मनाचे दुखणे आणि मंडळाचे कर्तव्य

(मंडळाच्या शिरूर-दौंड विभागाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज सकाळपासून या मंडपात पुष्कळ चांगली कार्ये पार पडली. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, देणगीदारांचे आभार मानले गेले, आणि वधूवर सूचीच्या नव्या आवृत्तीचे प्रकाशनही झाले. अशा दिवशी मनाच्या दुखण्याचा विषय काढणे कित्येकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि परीक्षा, पैसा आणि विवाह या तिन्ही गोष्टींशी या दुखण्याचा फार निकटचा संबंध आहे. म्हणूनच तो विषय येथे आणि आजच मांडणे मला युक्त वाटते.

‘मन’ हा शब्द आपल्या बोलण्यात पदोपदी येतो. मन लागत नाही, मन उडाले, मन खाते, मनाने हाय खाल्ली, असे आपण सहज बोलून जातो. परंतु त्याच मनाला दुखणे होऊ शकते आणि त्यावर उपचार असतात, हे मान्य करावयाची वेळ आली की आपली जीभ अडखळते. गुडघ्याचे दुखणे आपण चारचौघांत सांगतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेची हकीकत तर लग्नाच्या पंगतीत बसून रंगवून सांगितली जाते. पण रात्रीच्या रात्री डोळ्यास डोळा लागत नाही, जेवणात चव नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, हे मात्र सख्ख्या भावाजवळही कोणी बोलत नाही.

हे दुखणे विरळा आहे, असे कोणी समजू नये. बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत घरोघर पाहणी केली. तीत प्रौढांपैकी शेकडा १०.६ लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. त्याहून खेदाची गोष्ट अशी की विकाराच्या प्रकारानुसार शेकडा ७० ते ९२ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता हे खरे. पण आपण निराळ्या मातीचे घडलो आहो असे मानण्यास काहीही आधार नाही. या मंडपात बसलेल्या घरांपैकी दहाव्या घराने आपल्याशीच विचार करून पाहावा, म्हणजे मी काय म्हणते ते ध्यानात येईल.

प्रथम दुःख आणि विकार यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्याच जिल्ह्यातील देहूच्या तुकोबारायांचे चरित्र आपण सर्व जाणतो. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, गावातील पत गेली. त्या काळात ते डोंगरावर एकांतात जाऊन बसत. त्यांना मनाने दुबळे म्हणण्याचे धाडस आज कोणी करील काय? आपत्ती आली असता माणूस खचतो, रडतो, माणसांपासून दूर जातो. हा मनाचा धर्म आहे. परंतु उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसचा दिवस टिकून राहिली, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरला नाही, झोप, भूक, शक्ती आणि एकाग्रता ढासळली, आपण सर्वांना भार झालो आहो असा विचार मनात घर करून बसला, तर तेथे दुःखाची हद्द ओलांडून विकाराचा प्रारंभ झाला असे समजावे. यास वैद्यकात नैराश्य किंवा विषण्णता म्हणतात. चिंतेच्या विकारात छाती धडधडते, श्वास कोंडतो, हातपाय गार पडतात. हृदयाचा आलेख काढला तर तो निर्दोष येतो, आणि घरचे म्हणतात, ‘याला काही झालेले नाही, हे ढोंग आहे.’ ते ढोंग नव्हे. भय खरे असते. त्याचे स्थान मात्र हृदयात नसून मनात असते.

तिसरा प्रकार आघाताचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात, किंवा आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन १५१ माणसे गेली त्या वेळी, जे वाचले त्यांचे घर सरकारने पुन्हा बांधून दिले. पण पाऊस सुरू झाला की जिवाचा थरकाप होणे, तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहणे, हे घर बांधून मिटत नाही. आघात होण्यास भूकंपच व्हावा लागतो असेही नाही. रुळावर उडी घेणारा मनुष्य दिसत असूनही गाडी थांबवू न शकलेला रेल्वेचा ड्रायव्हर, कारखान्यातील स्फोट डोळ्यांदेखत पाहिलेला कामगार, घरातील लेकरू बिबट्याने उसात ओढून नेल्याचे दुःख सोसलेली शिरूरकडील माउली, या सर्वांच्या मनावर तसाच घाव बसतो. पहिले काही आठवडे दचकणे, झोप न येणे हे स्वाभाविक असते व पुष्कळांचे ते आपोआप ओसरते. महिना उलटला तरी ते कमी होत नसेल, तर मात्र मदत घ्यावी.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे वळू. गेल्या दोन पिढ्यांत येथील जीवन जितके पालटले तितके त्यापूर्वी क्वचितच पालटले असेल. शिरूरच्या बाजूस रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, दौंडच्या बाजूस कुरकुंभची. शेतकऱ्याचा मुलगा कंत्राटी कामगार झाला. त्यास एक आठवडा दिवसपाळी, दुसरा आठवडा रात्रपाळी, आणि कंत्राट संपले की पुढील महिन्याची शाश्वती नाही. ज्यांची जमीन गेली त्यांना पैसा मिळाला. परंतु सकाळी उठून ज्या बांधावर जावयाचे तो बांधच उरला नाही. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. पस्तीस-चाळीस वर्षे गाड्यांच्या वेळापत्रकावर आयुष्य काढलेला मनुष्य निवृत्त होतो, क्वार्टर सोडतो, आणि त्याच्या ध्यानी येते की आता कोणतीही गाडी आपल्यासाठी थांबलेली नाही. राज्य राखीव पोलीस दलातील जवान बंदोबस्तासाठी महिनोगणती घरापासून दूर असतो. मुले स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यास खोली घेऊन राहतात. एक वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे जातात, आणि गावी येणे त्यांना नकोसे होते, कारण वेशीपाशीच पहिला प्रश्न येतो, ‘काय, लागला का निकाल?’ मुली लग्न होऊन एका दिवसात घर, गाव आणि नाव बदलतात. वर्षभरात मूल होते. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत कित्येक स्त्रियांना खोल नैराश्य येते, आणि आपण त्यास ‘बाळंतिणीचे लाड’ किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हणून मोकळे होतो.

ही सर्व जीवनातील संक्रमणे होत. जुने सुटलेले असते आणि नवे हाती आलेले नसते. पूर्वी अशा वेळी एकत्र कुटुंब, आळी, पार, वारी यांचा आधार असे. त्या आधाराची थोरवी मी नाकारीत नाही. पण तेथेही मनातले बोलण्याची मुभा सर्वांना सारखी नव्हती. सुनेस ती नव्हतीच. म्हणून ‘पूर्वी असले काही नव्हते’ हे म्हणणे पूर्णतः बरोबर नाही. पूर्वीही हे होते. विहिरींना ते ठाऊक होते.

यावर उपाय कोणता? औषध हा एक, आणि समुपदेशन हा दुसरा. समुपदेशन या शब्दात ‘उपदेश’ दडलेला असल्यामुळे पुष्कळांचा असा ग्रह होतो की तेथे कोणी विद्वान गृहस्थ आपणास चार हिताच्या गोष्टी सांगेल. उपदेशाची आपल्याकडे वाण नाही. ‘सकारात्मक विचार कर’, ‘देवाचे नाव घे’, ‘लोकांना याहून मोठी दुःखे असतात’, ‘लग्न करून टाका म्हणजे सुधारेल’, असा उपदेश प्रत्येक रुग्णाने शंभर वेळा ऐकलेला असतो. त्याने एक भर मात्र पडते: दुःख होतेच, आता आपण दुःखी आहो याची लाजही वाटू लागते.

समुपदेशक याच्या उलट वागतो. तो प्रथम ऐकतो. भगवद्गीतेची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. गात्रे गळाली, तोंडास कोरड पडली, धनुष्य हातून निसटू लागले, असे अर्जुन एकामागून एक सांगत जातो, आणि त्या संपूर्ण अध्यायात भगवंतांच्या मुखी अवघे एक वाक्य येते. विवेचन सुरू होते ते दुसऱ्या अध्यायात. ज्याला पुढे सतरा अध्याय बोलावयाचे होते, त्यानेही आधी एक अध्याय ऐकून घेतले. आपण मात्र पहिले वाक्य पुरे होण्यापूर्वीच दुसऱ्या अध्यायास हात घालतो.

ऐकून घेतल्यानंतर समुपदेशक त्या माणसाबरोबर बसून त्याच्या विचारांची गाठ सोडवू लागतो. एका परीक्षेत अपयश आले, येथपर्यंत वस्तुस्थिती. मी सर्वथा निरुपयोगी आहे, हा त्यावर मनाने बांधलेला इमला. या दोहोंतील अंतर तो दाखवून देतो. अंथरुणाला खिळलेल्यास तो दिवसाचे लहानसे काम ठरवून देतो: सकाळी अंगणापर्यंत जाणे, एका मित्रास फोन करणे, झाडांना पाणी घालणे. मन लागले म्हणजे काम करू, असे आपण म्हणतो; नैराश्यात उलटा क्रम धरावा लागतो, थोडे काम केले म्हणजे मन हळूहळू परत येते. साधारणतः आठवड्यातून एकदा, अशा सहा ते आठ भेटींत पुष्कळांना उतार पडतो. जे बोलणे होते ते गुप्त ठेवणे हा त्या व्यवसायाचा धर्म आहे. जिवास धोका दिसला तरच त्याला अपवाद.

सर्वच दुखणी बोलून बरी होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. विकार तीव्र असेल, भास होत असतील, खाणेपिणे सुटले असेल, तर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडेच जावे. थायरॉईडचा दोष, रक्तक्षय, काही जीवनसत्त्वांची उणीव यांमुळेही उदासीनता व थकवा येतो; म्हणून डॉक्टर रक्त तपासावयास सांगतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने एकाएकी बंदही करू नयेत. त्या गोळ्यांची चटक लागते ही समजूत बरोबर नाही. चटक लागण्याची भीती असते ती झोपेच्या काही गोळ्यांची. आणि त्या मात्र आपण दुकानातून बिनधास्त मागून आणतो. पुरुषांच्या बाबतीत नैराश्य पुष्कळदा दारूच्या आड लपलेले असते. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने व्यसन हा आजार मानून त्यावर उपचार करण्याची दृष्टी महाराष्ट्रास दिली. तीच दृष्टी येथेही हवी.

कोणी म्हणेल, हे सर्व पुण्या-मुंबईचे. सुमारे ७० किलोमीटरांवरच्या आमच्या गावांना याचा काय उपयोग? या शंकेचे उत्तर खेड्यांनीच दिले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गांजलेला तो मुलूख. तेथे गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकरवी हे काम चालविले. प्रारंभी नैराश्य असलेल्या १०० माणसांपैकी जेमतेम ४ माणसे मदत घेत. दीड वर्षाने ती संख्या २७ वर गेली. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत ‘आत्मीयता’ या नावाने असेच काम केले. गोव्यात ‘सांगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकविलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून, नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटी करविल्या. त्याचे फळ २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी शेकडा ६४ नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांत हे प्रमाण शेकडा ३९ होते. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात तर २००६ पासून आजीबाई हे काम करीत आल्या आहेत. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाक मांडतात आणि येणाऱ्याचे ऐकतात. आपल्या पाराची आठवण व्हावी असेच ते चित्र आहे. मात्र त्या आजीबाईंना प्रथम शिकविण्यात आले होते, हा भाग विसरू नये.

मग आपली माणसे मदत का घेत नाहीत? पैसा आणि अंतर ही कारणे आहेतच. पण आपल्या ज्ञातीपुरते बोलावयाचे तर सर्वात मोठे कारण त्या टेबलावर ठेवलेली वधूवर सूची हे आहे. माझे बोलणे कठोर वाटल्यास क्षमा असावी. आईबाप मुलीस डॉक्टरांकडे नेत नाहीत ते प्रेम नाही म्हणून नव्हे. कोणी पाहिले तर तिचे लग्न व्हावयाचे नाही, आणि तिच्या पाठच्या बहिणीचेही व्हावयाचे नाही, या भीतीने. नेलेच तर तीन गावे सोडून दूर नेतात, चिठ्ठी फाडून टाकतात, गोळ्या डब्यात लपवितात, आणि लग्न ठरले की त्या बंद करतात. पुढे सासरी दुखणे उलटते. मग ‘फसविले’ असा बोभाटा होतो आणि दोन घरे उद्ध्वस्त होतात.

याविषयी कायदा काय म्हणतो ते जाणून घेणे इष्ट आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने, संमती देण्याची क्षमताच हिरावून घेईल किंवा विवाहास व अपत्यप्राप्तीस मनुष्य अपात्र ठरेल, अशा प्रतीचा मनोविकार विवाहाच्या आड आणला आहे. एखाद्यास नैराश्य आले होते व त्याने उपचार घेतले, एवढ्याने तो अपात्र ठरत नाही. उलट महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळविली, तर मात्र विवाह रद्द ठरविण्याची मागणी करता येते. म्हणजे आपण ज्याला भितो त्यात धोका थोडा, आणि ज्याचा आश्रय करतो त्यात अधिक. याच कायद्यात एके काळी अपस्माराचाही अडसर होता. तो १९९९ साली काढून टाकण्यात आला. महारोग हे घटस्फोटाचे कारण होते. तेही २०१९ साली वगळले. कायद्याने आपले मन मोठे केले. ज्ञातीचे मन त्याच्या मागे का राहावे?

आता मंडळापुढे मी पाच सूचना नम्रपणे ठेवते.

पहिली, वधूवर सूचीसंबंधी. सूचीचे काम पाहणाऱ्या कार्यकर्त्यांनी कोणाच्याही दुखण्याविषयी बऱ्यावाईट कोणत्याही स्वरूपात बोलावयाचे नाही, असा लेखी नियम मंडळाने करावा. प्रकृतीविषयी जे सांगावयाचे ते साखरपुड्यापूर्वी त्या मुलाने व मुलीनेच एकमेकांस सांगावे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना तशी मोकळीक द्यावी. मधुमेह सांगतात तसेच हे सांगावे. ‘मी उपचार घेतले व आज बरी आहे’ असे सांगणारी मुलगी लपविणारीपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे, हे आपण सासरच्या मंडळींनी ओळखावे.

दुसरी, वैद्यकीय साहाय्य निधीसंबंधी. साहाय्य घेतलेल्यांची नावे आपण स्मरणिकेत छापतो. मनोविकाराच्या उपचारासाठी साहाय्य दिल्यास नाव छापू नये, केवळ रक्कम दाखवावी. हिशेब चोख राहील आणि अब्रूही राहील.

तिसरी, सत्काराविषयी. आज ज्यांचे निकाल चांगले लागले ती मुले पहिल्या रांगेत आहेत. ज्यांचे लागले नाहीत ती आज आलीच नाहीत. त्यांनी घरी काही तरी निमित्त सांगितले असेल. सत्कार अवश्य करावा. परंतु निकालानंतरच्या आठवड्यात मंडळाच्या दोघा जाणत्या माणसांनी या दुसऱ्या घरीही जावे, निकालाविषयी न विचारता चहा घ्यावा, आणि पुढील शिक्षणाच्या किंवा कामाच्या वाटा माहीत असतील त्या सांगाव्यात.

चौथी, शोकाविषयी. कोणी गेले की तेराव्यापर्यंत आपल्याकडे घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवशी ते एकाएकी रिकामे होते, आणि खरे दुःख तेव्हापासून सुरू होते. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात त्या घरी जाण्याची प्रथा आपण पाडावी. विशेषतः विधवा भगिनीकडे आणि एकट्या पडलेल्या वृद्धाकडे जावे.

पाचवी, शिरूरला दोन व दौंडला दोन, एक पुरुष व एक स्त्री याप्रमाणे, अशी चार माणसे मंडळाने निवडावी. पोटात गोष्ट ठेवण्याविषयी ज्यांची ख्याती आहे अशीच ती असावीत. वक्तृत्वाची आवश्यकता नाही. त्यांना ऐकण्याचे प्राथमिक शिक्षण द्यावे. त्यांनी स्वतः उपचार करू नयेत. योग्य ठिकाणी पोहोचते करावे, इतकेच. पुण्यास ससून रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे; सरकारच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातही विचारता येते. पाटी लावून बसलेल्या प्रत्येकास समुपदेशक मानू नये. त्याचे शिक्षण विचारावे. डॉक्टराची पदवी आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहण्याचा आपणास अधिकार आहे. आणि तो आपल्या ज्ञातीचा असावा असा आग्रह मुळीच धरू नये. या एका कामी परकेपणा हा गुण आहे. ज्याच्या घराण्याशी आपली सोयरीक नाही, होण्याचा संभव नाही, त्याच्यापुढे माणूस अधिक मोकळा होतो.

शेवटी एका गंभीर गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून मला बसता येणार नाही. ‘आता जगून काय करावयाचे’ असे कोणी बोलले, देणीघेणी एकाएकी मिटवू लागले, जवळच्या वस्तू वाटू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो काय?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने ओझे उतरते. त्या माणसास एकटे ठेवू नये. आपली घरे शेतीची. कीटकनाशकाचे डबे ओसरीवर, पलंगाखाली पडलेले असतात. ते कुलपात ठेवावे व किल्ली दुसऱ्याजवळ असावी. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि पुढील दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे शेकडा ७० इतके घटले. तो कडेलोटाचा क्षण पुष्कळदा अल्पकाळ टिकतो. त्या क्षणी विष हाताशी नसले, एवढ्यानेही प्राण वाचतो. कोणत्याही वेळी, दिवसा वा रात्री, १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा विनामूल्य उपलब्ध आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे व तेथे मराठीतून बोलता येते. पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने रुग्णालयात नेण्यास विलंब करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यास सरसकट शिक्षा सांगणारे जुने कलमही उरलेले नाही. त्याच २०१७ च्या कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मनोविकारास शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावयाचा आहे. आपले विमापत्र त्या दृष्टीने वाचून पाहावे.

बंधुभगिनींनो, ज्ञातीचे बळ आपण कशात मानतो? एकमेकांची खबर असण्यात. कोणाचे काय चालले आहे हे या मंडपातील प्रत्येकास ठाऊक असते. या माहितीतून दोन गोष्टी निपजू शकतात. ती ओठावर आली तर तिची कुचाळकी होते आणि दुखणे अधिक खोल दडते. ती पोटात राहिली आणि पायांना त्या घराकडे घेऊन गेली, तर तिचा आधार होतो. माहिती एकच असते. ती घेऊन आपण कोठे जावयाचे, एवढेच आपल्या हाती आहे.

घोडनदी शिरूरवरून वाहत जाऊन पुढे भीमेस मिळते, आणि त्याच भीमेच्या काठी दौंड वसले आहे. पाण्याने जोडलेल्या या दोन गावांतील आपली घरे सुखाच्या कार्याप्रमाणे मनाच्या दुखण्यातही एकमेकांस जोडलेली राहोत, एवढीच इच्छा प्रकट करते. माझ्या पाच सूचनांचा विचार कार्यकारी मंडळाने पुढील बैठकीत करावा अशी विनंती करते.